देवळावरची यारी

टाळ्या थांबेनात, तेव्हा विश्वंभर सर माइकपासून एक पाऊल मागे सरले. त्यांना वाटलं, आता तरी लोक थांबतील. पण पहिल्या रांगेतल्या निवेदिता बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, उठून उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागोमाग सगळा मांडव उभा राहिला.

"चूक कबूल करायला मोठं मन लागतं," निवेदिता बाई माइक हातात घेऊन म्हणाल्या. "बहात्तराव्या वर्षी सरांनी आज आपल्याला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा शिकवला."

सरांनी हात जोडले. जोडताना मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मुरुडच्या त्या शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली, त्याचा हा समारंभ होता. आठवीच्या वर्गात वर्षानुवर्षं टांगलेलं एक जुनं छापील चित्र त्या निमित्ताने साफसूफ करून पुन्हा लावलं होतं. शाळा सुरू झाली तेव्हा गावच्या एका वकिलांनी विलायतेहून आणलेलं ते भेट दिलं होतं. पुढे रुंद नदी, नदीत शिडांची गलबतं, काठाला तटबंदी आणि तटामागे उंच उंच मनोऱ्यांची गर्दी. विश्वंभर सर तरुणपणी या शाळेत भूगोल शिकवायला आले, तेव्हा त्यांच्या आधीच्या सरांनी सांगितलं होतं, हे लंडन. सरांनीही मुलांना तेच सांगितलं. नदीवर छडी ठेवून ते म्हणायचे, "ही थेम्स."

समारंभाच्या आठवडाभर आधी त्यांना सलिलचा फोन आला होता. सलिल त्यांचा जुना विद्यार्थी. मुंबईत जुनी चित्रं आणि नकाशे यांची खरेदी-विक्री करायचा. चित्र साफ करायला त्यानेच नेलं होतं.

"सर, तुम्ही आम्हाला हे लंडन म्हणून शिकवलंत ना?" तो हसत म्हणाला होता. "हे कोलोन आहे. जर्मनीतलं, ऱ्हाइन नदीवरचं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची छपाई आहे. निवेदिता बाई म्हणत होत्या, तुम्हीच या चित्रावर दोन शब्द बोलणार आहात, म्हणून म्हटलं आधी कानावर घालावं."

हा फोन आला नसता तर सर त्या दिवशी काय बोलले असते, ते त्यांचं त्यांनाच माहीत होतं. फोन आला म्हणून त्यांनी भाषण नव्याने लिहिलं. भाषणात ते म्हणाले, "फार वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने मला सांगितलं होतं की हे लंडन नाही. मी तिचं ऐकलं नाही. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं, की ती बरोबर होती. शिक्षकाने विद्यार्थ्याकडूनही शिकावं, हे मला तिने शिकवलं."

एवढंच. आणि त्यावर त्या टाळ्या.

घरी परतताना आनंदीबाई, त्यांच्या पत्नी, वाडीच्या कुंपणातल्या बेड्यापाशी थांबल्या. "अहो, पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे कधी मला बोलला नाहीत. कोण हो ती मुलगी?"

"नाव आता कुठलं आठवायला!" सर म्हणाले आणि बेडं सरकवून पुढे झाले.

नाव नलू होतं. नलू सदू कोळी. डावीकडच्या ओळीत, खिडकीजवळ, तिसरा बाक.

ते साल होतं चौऱ्याऐंशी. सर तेव्हा एकतीस वर्षांचे होते, आणि अलिबागपर्यंत त्यांच्या शिकवण्याचं नाव झालं होतं. नलू वर्गात फार बोलायची नाही, पण एकदा मधल्या सुट्टीत ती त्या चित्रासमोर उभी राहिलेली त्यांना दिसली.

"सर, या देवलावर यारी कशाला ठेवलीय?" तिने विचारलं.

सरांनी पाहिलं. चित्राच्या मधोमध एका मोठ्या चर्चचा मनोरा अर्धवट बांधलेला होता आणि त्याच्या डोक्यावर बंदरात माल उचलायला असते तशी यारी होती. पाच वर्षं ते या चित्राखाली शिकवत होते, पण त्यांना ती कधी दिसली नव्हती.

"यारी नव्हे ती. घंटा टांगायची चौकट आहे," त्यांनी ठोकून दिलं.

"न्हाय सर, यारीच हाय. दोर पन हाय तिला." मग ती म्हणाली, "आनि हे वर लिवलंय ते लंडन न्हाय वाचता येत. कोलोनिया येतं."

"लॅटिन आहे ते. कॉलनी, म्हणजे वसाहत."

तिचं समाधान झालं नव्हतं. शनिवारी शाळा सुटताना ती मोठा ॲटलास मागायला आली. सरांना घाई होती. त्यांनी कपाटातून ॲटलास काढून तिच्या हातात दिला. "घरी ने आणि सोमवारी आण," ते म्हणाले आणि कपाटाला कुलूप लावून निघाले.

सोमवारी तपासणी होती. अलिबागहून साहेब आले होते. सरांनी धडा रंगवला, छडी चित्रावर नेली, "ही थेम्स" म्हणाले. आणि तिसऱ्या बाकावरून नलू उठली.

"सर, हे लंडन न्हाय. हे कोलोन हाय. जर्मनीत, ऱ्हाइन नदीवर." तिच्या हातात ॲटलास उघडा होता आणि बोट त्या गावावर होतं. सरांना खोटं पाडायचं तिच्या मनातही नव्हतं. उत्तर सापडल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता, इतकंच.

साहेब मोठ्याने हसले. "काय हो मास्तर, तुमची ही कोळीण तर तुम्हालाच जाळ्यात धरायला निघाली!"

वर्ग हसला. सरांच्या कानशिलातून वाफ निघाली. त्यांच्या तोंडून शब्द गेले ते असे, "मासळीच्या पाटीबरोबर भूगोल येत नसतो. खाली बस."

वर्ग पुन्हा हसला, या वेळी तिला. ती बसली.

संध्याकाळी शाळा रिकामी झाल्यावर सरांनी ऑफिसातल्या इंग्रजी विश्वकोशाचा खंड काढला. फार शोधावं लागलं नाही. कोलोन, रोमन काळातलं नाव कोलोनिया. तिथल्या मोठ्या चर्चचं काम शेकडो वर्षं अर्धवट राहिलं आणि मनोऱ्यावरची लाकडी यारी तशीच उभी होती, हेही त्यात लिहिलेलं होतं. सरांनी खंड मिटून जागेवर ठेवला.

उद्या वर्गात सांगून टाकू, असं त्या रात्री त्यांनी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण सकाळी ऑफिसात नलू उभी होती आणि तिच्याशेजारी तिचा बाप सदू. खलाशी माणूस, टोपी हातात धरून, कुठे बघावं ते न कळून जमिनीकडे बघत होता. शाळेचा ॲटलास बाहेर नेल्याबद्दल हेडमास्तरांनी त्याला बोलावून घेतलं होतं.

"विश्वंभर, पोरगी म्हणते ॲटलास तुम्ही दिलात," हेडमास्तर म्हणाले. "दिला होतात?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कशासाठी दिलात? मग चित्र आलं असतं, यारी आली असती, सगळंच आलं असतं.

"मला तसं काही आठवत नाही, सर," विश्वंभर सर म्हणाले.

सदूने तिथेच पोरीच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. तिने फक्त सरांकडे बघितलं. त्यानंतर ती शाळेत आली नाही. महिनाभर हजेरीपटात तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडली गेली आणि मग नाव कमी झालं.

सरांनी त्या चित्रावर पुन्हा कधी छडी ठेवली नाही. घरात मासळी शिजत नव्हती, त्यामुळे कोळीवाड्याच्या वाटेला जायचं कारण पडलं नाही, आणि ते त्यांच्या पथ्यावरच पडलं. एक-दोनदा एसटीच्या खिडकीतून ती दिसली होती. डोक्यावर पाटी, कडेवर पोर. दोन्ही वेळा सरांनी तोंड फिरवलं होतं.

समारंभानंतर चौथ्या दिवशी सलिलचा पुन्हा फोन आला. "सर, तुमच्या भाषणाचा व्हिडिओ मी टाकला होता. चाळीस हजार लोकांनी बघितला! खाली काय काय लिहिलंय बघा. असे गुरू आता होत नाहीत, म्हणतायत."

सरांनी फोन ठेवला आणि झोपाळ्यावर बसून राहिले. चाळीस हजार. म्हणजे कोळीवाड्यातही कोणीतरी बघितला असणार. पुढचे दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आनंदीबाईंनी चहा पुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले, "त्या मुलीचं नाव आठवतं मला. कधी विसरलोच नव्हतो."

सरांनी चपला घातल्या तेव्हा आनंदीबाईंनी छत्री पुढे केली. "ऊन आहे," एवढंच म्हणाल्या.

कोळीवाड्यामागच्या मोकळ्या खळ्यावर जवळा वाळत घातला होता. गुलाबी, ओलसर, लांबच लांब पसरलेला. पाय कुठे ठेवावा ते सरांना कळेना, म्हणून ते कडेलाच उभे राहिले. पंचावन्नच्या घरातली एक बाई पाठीत वाकून खराट्याने जवळा सारखा करत होती. तिने मान वर केली. सरांनी ओळखलं. तिनेही.

"मी… विश्वंभर सर."

"दिसलं मना. बसा थयं, होडीच्या सावलीला."

तिने काम टाकलं नाही. एक पट्टा संपवला, मग दुसरा. सर उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत एका पिंपावर बसले. तिची सून रचना पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाली, "आई, हेच ना ते? व्हिडिओतले?"

"व्हय. तू जा, घरात बघ."

रचना गेली. नलूने खराटा होडीला टेकवून ठेवला आणि समोर वाळूत बसली. पदराने तोंड पुसलं.

"तीनदा बघितला मी व्हिडिओ," ती म्हणाली. "रचनाला बोलली, परत लाव. मना वाटलं, माझ्याच ऐकन्यातून सुटलं असंल. पन त्यात माझं नाव न्हाय."

"नाही. मी नाव घेतलं नाही."

"कशापायी?"

सरांनी उत्तर जमवायला तोंड उघडलं. तुला अवघड वाटेल म्हणून, असं काहीतरी ते म्हणणार होते. म्हणाले नाहीत.

"बरं, ते ऱ्हावद्या," नलू म्हणाली. "तुमी त्यात बोललाव, पुढे कधीतरी लक्षात आलं. कंदी आलं?"

दोन-चार वर्षांनी, हे शब्द सरांच्या जिभेवर तयार होते. लगेच बोलता आले असते. चाळीस वर्षं त्यांनी स्वतःला जवळजवळ तसंच पटवलं होतं. समोर ती वाट बघत होती, घाई न करता.

"त्याच संध्याकाळी," सर म्हणाले. "तू बोललीस त्याच दिवशी. मी पुस्तकात बघितलं."

कोणीतरी कुठेतरी इंजिन सुरू करत होतं. ते दोनदा खोकून बंद पडलं.

"म्हंजे दुसऱ्या दिवशी बा आलता माझा, तवा तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"आनि आटलास तुमीच दिला व्हता."

"मीच दिला होता. ते मला आठवतही होतं."

तिने मान हलवली. रागावेल, ओरडेल, चार बायका गोळा करेल, असं सरांना वाटलं होतं. येताना वाटेत त्यांनी त्याचीच तयारी केली होती. तसं काही झालं नाही. ती जवळ्याकडे बघत राहिली आणि मग हळूहळू बोलू लागली, जणू स्वतःलाच सांगत होती.

"मी म्हनायची, माझंच चुकलं असंल. शिकलेल्या मानसाला कळत न्हाय व्हय? आपन उगाच उठून बोललो, चार लोकांत बापाची मान खाली घातली. आटलासाचं पन मना कधी कधी वाटायचं, तुमी दिलाच नसंल, मीच उचलला असंल, माझ्याच डोक्यात घोळ." ती थांबली. "माझा दीपेश शालत गेला, तवा मी त्याला सांगितलं, मास्तर चुकला तरी तोंड उघडायचं न्हाय. त्यानं न्हाय उघडलं. धा वर्सं न्हाय उघडलं. बाई मना बोलावून बोलल्या, पोरगा हुशार हाय वो, पन विचारलं तरी बोलत न्हाय. आता बोटीवर असतो. थयं पन गप्पच असतो."

सरांना तिच्याकडे बघवेना. वाळूत कोणाचं तरी प्लास्टिकचं झाकण पडलं होतं, त्याच्याकडे ते बघत राहिले.

"नलू, मला माफ…"

"माफीचं मागाहून बघू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ते चित्र हाय का अजून?"

"आहे. आठवीच्याच वर्गात."

"मना बघायचंय. आज. उद्या बोट येनार, मग कामातनं येल न्हाय गावत."

ती घरात गेली. बराच वेळ लागला. आली तेव्हा तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, केसांना पाणी लावलं होतं आणि डोळ्यांना चष्मा होता. रचनाला जवळ्यावर लक्ष ठेवायला सांगून ती पुढे चालू लागली. सर मागे. भर बाजारपेठेतून दोघं तसेच गेले. लोक सरांना नमस्कार करत होते. "सर, व्हिडिओ बघितला, मस्त!" असं एक दुकानदार गल्ल्यावरून ओरडला. सर थांबले नाहीत.

शाळेत निवेदिता बाई ऑफिसातच होत्या. दोन शिक्षक आणि शिपाई कोंडाजी तिथेच उभे होते.

"या सर, या! आत्ताच तुमची आठवण काढली."

"बाई, ही नलू," सर म्हणाले. "ह्या… नलू सदू कोळी. मी भाषणात जिचं सांगितलं ती मुलगी. मला कधीतरी कळलं असं मी म्हणालो, ते खोटं आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं. आणि हिच्यावर ॲटलास चोरल्याचा आळ आला. तो ॲटलास मी दिला होता. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा मी आठवत नाही म्हणालो. हिचं शिक्षण त्यामुळे सुटलं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निवेदिता बाईंनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. एक शिक्षक खिडकीकडे वळला. कोंडाजीने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. थोड्या वेळाने बाई उठल्या आणि नलूला म्हणाल्या, "चला, मी दाखवते."

आठवीची मुलं मैदानावर गेली होती. वर्ग रिकामा होता. खिडकीतून उजेड थेट चित्रावर पडत होता. सलिलने काच नवी घातली होती आणि आतली प्रत्येक रेघ स्वच्छ दिसत होती. नलू दारातच थांबली, मग बाकांच्या मधून पुढे गेली. चित्राच्या खाली एक नवा कागद चिकटवलेला होता, संगणकावर छापलेला, भोवती वेलबुट्टी. सरांनी तो पहिल्यांदाच पाहिला. नलू चष्मा सारखा करून तो वाचू लागली, अक्षराला अक्षर जोडत, मोठ्याने.

"को-लोन श-हर. जर्-म-नी. छपाई, सत-रावं शतक." तिने श्वास घेतला. "ही ओळख शोधून देनारे, आपले आदर-नीय वि-श्वं-भर सर."

निवेदिता बाईंचा चेहरा उतरला. "आम्हाला कल्पना नव्हती… भाषण ऐकून मुलांनीच तयार केलं. मी आत्ता काढते." त्या पुढे झाल्या.

"ऱ्हावद्या, बाई. मग काढा," नलू म्हणाली. कागदावरून तिची नजर वर चित्रावर गेली होती. नदी, गलबतं, तट. तिचं बोट काचेपासून इंचभर लांब राहून काहीतरी शोधत सरकत होतं. मधोमध येऊन ते थांबलं. सरांना दारातून तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती, आणि पाणी लावून चापून बसवलेले पांढरे केस.

ते एक पाऊल आत आले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

"सर," नलू मागे न बघता म्हणाली, "तुमी जरा भायेर थांबा."

निवेदिता बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. सर मागे सरले. बाईही बाहेर आल्या, ऑफिसकडे निघून गेल्या. व्हरांड्यात सर भिंतीला लागून उभे राहिले. छत्री त्यांनी दोन्ही हातांनी पुढे धरली होती.

आत काही हालचाल ऐकू येत नव्हती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मधली सुट्टी झाली, मुलं धावत आली, सरांना बघून चपापून हळू चालू लागली आणि पुढे गेल्यावर पुन्हा धावली. पाय दुखायला लागले तेव्हा कोंडाजी एक खुर्ची उचलून घेऊन आला.

"सर, असे उभे का? बसा ना. नायतर ऑफिसात चला, पंखा आहे."

"नको," विश्वंभर सर म्हणाले. "मला बाहेर थांबायला सांगितलंय."